दुलियाची दुपारची सुट्टी

ओब्दुलियाच्या बापाचा नेम वाईट होता, आणि पुढचं सगळं त्यापायी झालं, असं आमच्या लोस होबोस वस्तीत अजून म्हणतात. फिदेन्सिओ त्याचं नाव. माणूस दिलदार, गाणारा, पण त्याने बंदूक खांद्याला लावली की शेजारच्या कोंबड्यांनी आडोसा शोधावा. सकाळी उसाच्या दारूचा घोट घेऊन तो रानात जायचा आणि हरणाच्या मांडीत, रानडुकराच्या पोटात, पाखरांच्या पंखात छर्रे मारून ठेवायचा. दहातलं एक जनावर घरी यायचं. बाकीची नऊ रक्त गाळत झाडीत निघून जायची.

वस्तीवरची सेफेरीनाआजी त्याला बजावायची, "मारायचं तर नीट मार, नाहीतर मारू नकोस. अर्धमेलं सोडलेलं जनावर डोंगरात जातं. तिथे त्याला बरं करणारे बसलेत, आणि ते मोजून ठेवतात."

"मोजू देत की," तो म्हणायचा. "माझं गणित कच्चं आहे, त्यांचं तरी पक्कं असू दे."

मे महिन्यातल्या एका सकाळी तो असाच निघाला. बायकोने, पेत्राने, चुलीवर काळा घेवडा नुकताच चढवला होता. "हा शिजायच्या आत येतो," असं तिला सांगून गेला. ओब्दुलिया तेव्हा तेरा वर्षांची, धाकटी तोमासा पाच. घेवडा शिजला, गार झाला, दुसऱ्या दिवशी आंबला. तिसऱ्या दिवशी बंदूक सापडली. बहिऱ्या डोंगराच्या पायथ्याला सावरीचं प्रचंड झाड आहे, त्याच्या बुंध्याला टेकवलेली, भरलेली, आणि नळीवर त्याची टोपी. रक्त नव्हतं, ओढल्याची खूण नव्हती. पावलं झाडापर्यंत आली होती आणि तिथून कुठेच गेली नव्हती.

त्या डोंगराला बहिरा म्हणतात कारण तो हाकेला ओ देत नाही. आजूबाजूच्या टेकड्या तुमचा आवाज तुम्हाला परत करतात, हा गिळून टाकतो. पेत्रा त्या झाडाखाली उभी राहून तीन दिवस नवऱ्याच्या नावाने हाका मारत होती. तेव्हा बसलेला तिचा घसा पुन्हा सुटला नाही. तीन वर्षांनी ती तापाने गेली. शेवटी तिचं बोलणं ऐकायला थोरलीला कान तिच्या ओठांशी न्यावा लागायचा.

तेव्हापासून ओब्दुलियाच तोमासाची आई झाली. गावातल्या सिगारच्या कारखान्यात ती पानं निवडायला लागली आणि वर्षभरात वळायलाही बसली. तिचा हात असा की आतलं पान, बांधायचं पान, वरचं पान, तिन्ही तिच्या बोटांखाली आपणहून गुंडाळली जायची. बोलायची मात्र मोजकं. हसणं तर फार लांबची गोष्ट. सगळे तिला दुलिया म्हणायचे आणि जरा दबकून असायचे.

तोमासा तिच्या अगदी उलट. दुपारी डबा घेऊन कारखान्यात आली की बायकांच्या मेजांमधून मुकादम रोमुआल्दोची नक्कल करत फिरायची. छाती पुढे, मग पोट, हात मागे, आणि प्रत्येक सिगार नाकाशी नेऊन कुत्र्यासारखं हुंगणं. "ही कुणी वळली? हिला माझ्या सासूच्या पायाचा वास येतोय." बायका मेजावर डोकं टेकून हसायच्या. दुलिया खालच्या मानेने म्हणायची, "तोमा, पुरे. घरी जा." तोमा तेवढीच मोठ्याने हसत निघून जायची. तिचं ते हसणं रस्ता ओलांडेपर्यंत ऐकू येई.

ती अकरा वर्षांची असताना हे हसणं बंद पडलं.

भर दुपारी बारा वाजता ती ओढ्यावर धुणं धूत होती. एरवी त्या वेळी आमच्याकडे कुणी पाण्यावर जात नाही. ती वेळ डोंगरातल्या लहानग्यांची. चानेके म्हणतात त्यांना, पण दुपारी ते नाव कुणी घेत नाही. तोमा घसरून डोहात पडली, आपली आपण वर आली आणि ओल्या कपड्यांनिशी घरी येऊन भिंतीशी बसली. संध्याकाळी दुलिया घरी आली तेव्हाही ती तशीच बसलेली होती.

"काय झालं?"

"दगडावर एक पोरगं होतं," तोमा म्हणाली. "तोंड म्हाताऱ्याचं होतं. त्याला डावा कान नव्हता. ते म्हणालं, तुझं हसणं वर डोंगरापर्यंत येतं."

"मग?"

"मग मी पडले."

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. समोर ठेवलेल्या मक्याच्या भाकरीचा एक तुकडा दिवसभर हातात धरून बसायची. झोपायची ती अर्धे डोळे उघडे ठेवून. गावातल्या डॉक्टरने रक्तवाढीचं औषध दिलं. तेही ती गिळायची, पण फरक पडेना. पंधराव्या दिवशी सकाळी दुलियाने तिला उन्हात बसवून केस विंचरायला घेतले आणि तिचा हात थांबला. अंगणात तिची स्वतःची सावली पडली होती, कोंबडीची पडली होती, फणीचीसुद्धा पडली होती. तोमाच्या जागी मातीवर पुसटसा डाग होता, पाण्यात दुधाचा थेंब पडावा तेवढा.

दुलियाने केस तसेच सोडले आणि बहिणीला हाताला धरून सेफेरीनाआजीकडे नेलं.

आजीने तोमाच्या अंगावरून पांढऱ्या कोंबडीचं अंडं उतरवलं आणि पाण्याच्या ग्लासात फोडलं. बराच वेळ ती ग्लासात पाहत होती.

"ही इथे नाहीच," ती शेवटी म्हणाली. "तू नुसतं टरफल धरून आणलंस."

"मग ती कुठे आहे?"

"जिथून हाक परत येत नाही तिथे." आजीने ग्लासातलं पाणी दाराबाहेर फेकलं. "शुक्रवारी तिला घेऊन जा. ऐन दुपारी. सावरीच्या मागे रानवडाच्या मुळ्या आहेत, त्यांत फट आहे. एरवी कोल्हं जाणार नाही एवढी, पण बाराला बाई जाते."

"तुम्ही येता का?"

"माझं कोण लागतं तिथे? रक्ताचं माणूस लागतं. आता नीट ऐक. दोघींचे झगे उलटे घाला, म्हणजे वाट चुकणार नाही. तिथलं काही खायचं नाही, कितीही भूक लागो. मागून कुणी तुझ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. आणि काही मागायचं नाही."

"बहीण तर मागावी लागेल."

"ती तुझीच आहे. तिला बोलवायचं. दुसरं काही मागितलंस तर ते तुझ्याकडून काहीतरी घेतील. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. सात सिगार ने, स्वतः वळलेल्या. थोडा धूप ने. तुझ्या बापाने कधी काही नेलं नाही तिथे. फक्त छर्रे नेले."

शुक्रवारी दोघी निघाल्या. हे सगळं मला दुलियाने सांगितलं, एका बैठकीत नव्हे, वर्षानुवर्षं थोडं थोडं. मी पंधराव्या वर्षी कारखान्यात लागले ते तिच्या शेजारच्या जागेवर. सांगताना तिचा आवाज कधी वर चढला नाही. त्यामुळे भीती जास्त वाटायची.

ती म्हणाली, डोंगराच्या वाटेवर तोमाचा हात तिच्या हातात होता आणि तो मे महिन्याच्या उन्हात विहिरीच्या दोरासारखा गार होता. आईची जुनी शाल तिने डोक्यावरून घेतली होती. सावरीपाशी पोचल्या तेव्हा सूर्य बरोबर माथ्यावर होता. झाडांतली किरकिर एकाएकी थांबली. मुळ्यांमध्ये फट होती, आणि ती त्यांच्यासाठी दार उघडं ठेवावं तशी रुंद होती. तिने धूप पेटवला. धूर वर गेला नाही. जमिनीलगत सरपटत आत गेला. त्याच्यामागून दोघी आत शिरल्या.

आत अंधार असेल असं तिला वाटलं होतं. अंधार नव्हता. ढगाळ दिवशी चार वाजता असतो तसा उजेड होता, पण सूर्य नव्हता आणि कशालाही सावली नव्हती. वाट नेहमीच्या रानवाटेसारखी होती. आणि आवाज होते. आधी तिला वाटलं पाखरं असतील. मग शब्द कळायला लागले.

"सगळ्या हाका," दुलिया मला म्हणाली. "तेन्चा, त्या डोंगराला मारलेली प्रत्येक हाक तिथे आहे. तो बहिरा नाही. तो ठेवून घेतो. गुरं हाकणाऱ्यांच्या हाका, लाकडं तोडणाऱ्यांच्या, पोरांनी गंमत म्हणून मारलेल्या. कुठल्या जुन्या बोलीतल्यासुद्धा. झाडाझाडातून येत होत्या."

"आणि तुझ्या आईची?"

तिने हातातलं पान सारखं केलं. "तिचा चांगला आवाज होता, नाही का. मी विसरले होते. घसा बसण्याआधीचा. फिदेन्सिओ, फिदेन्सिओ, असा. आणि मध्येच एकदा माझं नाव. मला पाणी घेऊन ये म्हणून ओरडली होती ती तेव्हा, मला आठवतं. पण ती हाक मागून आली. दुलिया, असं. मी ओठ दाताखाली धरले. रक्त आलं. तोमा माझ्या बाजूला चालता चालता म्हणाली, आई. पंधरा-वीस दिवसांत पहिला शब्द."

वाट एका अंगणात निघाली. झावळ्यांच्या चार-सहा झोपड्या, मध्ये मोकळी जागा. त्या जागेत जनावरं ओळीने आडवी होती. हरणं, डुकरं, मोर जातीचे मोठे पक्षी, एका डोळ्याचं रानमांजर. प्रत्येकाजवळ एकेक माणूस बसलेला. कुणी जखम धूत होता, कुणी पाला वाटत होता, कुणी बोटांच्या चिमटीत छर्रे काढून करवंटीत टाकत होता. करवंट्यांत टक्‌ टक्‌ वाजत होतं, तेवढाच काय तो आवाज. काही माणसांच्या अंगावर आजोबा-पणजोबांच्या काळातले कपडे होते. कुणी मान वर केली नाही.

बाप तिसऱ्या ओळीत होता. दाढी तेवढीच, शर्टाचं तेच तुटलेलं बटण. एक दिवससुद्धा म्हातारा झाला नव्हता. दुलिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्याने वर पाहिलं आणि थोडासा ओशाळून हसला.

"आलीस का पेत्रा," तो म्हणाला. "घेवडा शिजला का?"

आईची शाल, आईची उंची. हाक आपल्या नावाची नाही, तेव्हा उत्तर दिलं तरी चालेल, असं तिने ठरवलं.

"शिजत आलाय," ती म्हणाली.

"येतोच मी. एवढं हरीण झालं की." त्याने हात हरणाच्या मांडीत घातला होता. "ही बारकी कोण? कुणाची पोर आहे?"

तोमा त्याच्याकडे पाहत होती. तेवढ्यात झोपडीमागून हसणं ऐकू आलं, रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाणारं ते हसणं.

तिथे लहानगे खेळत होते. अंगापिंडाने चार वर्षांच्या पोरांएवढे, चेहऱ्याने ऐंशीचे, पावलं उलटी, टाचा पुढे आणि बोटं मागे. त्यांच्यामध्ये तोमा होती. दुसरी तोमा. ओल्या कपड्यांतली, गाल लाल झालेली. दुलियाच्या हातातली तोमा गार उभी होती आणि ती तिकडे हसत होती.

एक लहानगा कवचवाल्या आर्मडिलोच्या पाठीवर पाटावर बसावा तसा बसला होता. त्याला डावा कान नव्हता. "बसा," तो अगदी अदबीने म्हणाला. "लांबून आलात. मक्याच्या पिठाचे तमाल गरम आहेत, खा."

"पोट भरलंय आमचं," दुलिया म्हणाली आणि सात सिगार त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने एक उचलून कानाशी फिरवली, मग हुंगली.

"चांगली वळलीय. तुझ्या बापापेक्षा तुझा हात बरा."

"मी बहिणीला न्यायला आलेय."

"बोलाव की. येत असेल तर ने."

दुलियाने तिला पूर्ण नावाने हाक मारली. तोमासा सांताक्रूस ओर्तेगा. एकदा, दोनदा. ती तोमा वळून पाहायची आणि परत खेळायला लागायची. "ताई, मला नाही यायचं," ती म्हणाली. "इथे बाबा आहेत. आणि तू मला सारखी घरी जा म्हणतेस."

तिसरी हाक शेवटची, हे दुलियाला कुणी सांगायला नको होतं. ती मला म्हणाली, "मला गोड बोलता येत नाही. कधीच आलं नाही. मला वाटलं, गेली ही." मग तिला काय वाटलं कोण जाणे. तिने आपलं सपाट पोट जमेल तेवढं पुढे काढलं, हात पाठीमागे बांधले आणि त्या अर्धमेल्या जनावरांच्या मधून मुकादम रोमुआल्दोसारखी चालायला लागली. पुढ्यातली सिगार उचलून हुंगली. "ही कुणी वळली? हिला... हिला वास येतोय."

लहानगे बघत राहिले.

"असं नाही," ती तोमा वैतागून म्हणाली. "ताई, काय करतेस तू हे. पोट नाही, छाती आधी काढतो तो. आणि सासूचा पाय कुठे गेला?"

"मला नाही जमत. दाखव."

ती दाखवायला आली. छाती काढून, तोंड वाकडं करून, पहिल्या तोमाच्या शेजारून चालत आली, आणि दुलियाच्या मुठीतला हात एकाएकी गरम झाला. बाजूला पाहिलं तेव्हा एकच तोमा होती. ती थरथरत होती आणि तिला भूक लागली होती.

"चल," दुलिया म्हणाली.

"बाबा?"

दुलियाने ओळींकडे पाहिलं. बापापुढचं हरीण उठून लंगडत गेलं आणि त्याच्या जागी दुसरं येऊन आडवं झालं. त्याच्या मागे अजून होती. झाडीपर्यंत ओळ होती.

मागायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मीही हात लावला तर बाबांचं काम लवकर उरकेल का?" तिने विचारलं.

एका कानाचा लहानगा विचारात पडला. "तू इथलं खात नाहीस, इथे राहणार नाहीस. हात कधी लावणार?"

"दुपारी. आम्हाला जेवणाची सुट्टी असते."

तो हसला. त्याच्या तोंडात दात नव्हते. "दुपार आमचीच असते. चालेल. किती दिवस, ते विचारू नकोस."

"विचारत नाही."

बाप म्हणाला, "पेत्रा, निघालीस? झाकण नीट ठेव गं, राख पडते."

बाहेर आल्या तेव्हा सूर्य माथ्यावरच होता. धूपसुद्धा विझला नसेल असं दुलियाला वाटलं. पण उतरताना शेतांत मका दिसला, आणि जाताना जो गुडघ्याएवढा होता त्याला कणसं धरून वाळायला लागली होती. घराच्या दारावर काळी फीत बांधलेली होती. नऊ दिवसांच्या प्रार्थना होऊन गेल्या होत्या, दोघींच्या नावाने. कोंबड्या शेजाऱ्यांनी वाटून घेतल्या होत्या. सेफेरीनाआजी मात्र रोज येऊन अंगण झाडून जायची. तिने तोमाला उन्हात उभं केलं. पायाशी सावली पडली, काजळासारखी काळी. त्या संध्याकाळी तोमाने अकरा भाकऱ्या खाल्ल्या.

दुलियाला कारखान्यात परत घेतलं, कारण तिच्याइतकी सुबक सिगार कुणी वळत नव्हतं. बाराचा भोंगा वाजला की आम्ही डबे उघडायचो. ती उघडायची नाही. ताठ बसून राहायची, डोळे समोरच्या भिंतीवर. बोलावलं तर ऐकू जायचं नाही. हात मात्र मांडीवर हलायचे. बोटांची चिमूट व्हायची, काहीतरी ओढल्यासारखी, मग बाजूला टाकल्यासारखी. भोंगा पुन्हा वाजला की ती कपाळ पुसून पान उचलायची. नवीन आलेल्या पोरी घाबरायच्या. मीही घाबरले होते. "झटके येतात का हिला?" मी विचारलं होतं. पलीकडची म्हातारी म्हणाली, "गप जेव. ती कामाला गेलीय."

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच सांगते. एका दुपारी तिची चिमूट उघडली आणि मेजाच्या फळीवर टक्‌ असा आवाज झाला. शिशाचा छर्रा होता, ओला. पानांच्या वासात क्षणभर जनावराच्या केसांचा वास आला. भोंगा झाल्यावर दुलियाने तो उचलून एप्रनच्या खिशात टाकला आणि मला म्हणाली, "तुझं वरचं पान सैल बसतंय. पुन्हा वळ."

तिला एका विधुर पाववाल्याने मागणी घातली होती. दुपारी एकदा तो तिला भेटायला आला, समोर बसला, आणि परत कधी आला नाही. तिने वाईट वाटून घेतलं असेल तर आम्हाला दिसलं नाही.

तोमा मोठी झाली, एका ट्रकवाल्याशी लग्न करून वेराक्रूसला गेली. तिकडे ती सांगायची, लहानपणी मला मलेरिया झाला होता, ताई मला घेऊन डोंगरात वाट चुकली, कुठल्या तरी खोपटात आम्ही तापात पडून होतो. मेलेली माणसं जेवायला घरी येतात त्या मृतांच्या दिवसांत, नोव्हेंबरात, ती घरी यायची आणि दोघींचं दरवर्षी एकाच गोष्टीवरून वाजायचं. झेंडूच्या फुलांत आईचा फोटो असायचा. तोमा बापाचा फोटो आणि ताटली ठेवायची, दुलिया ती उचलायची.

"ते मेलेले नाहीत," दुलिया म्हणायची. "बोलावलं तर येणार कसे?"

"ताई, लोक हसतात. बापाला ताटली नाही घरात."

"हसू देत."

"मलेरिया होता तो. तुलाही होता."

दुलिया यावर वाद घालायची नाही. ताटली पालथी घालून मांडणीवर ठेवायची. एकदा तोमा रडत पहिल्याच बसने परत गेली आणि दोन वर्षं आली नाही.

एकतीस वर्षं अशी गेली. दुलिया पन्नाशीची झाली. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी भोंगा वाजला, आम्ही डबे उघडले, आणि माझ्या शेजारी डब्याचं फडकं सोडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. दुलिया भाकरीचा तुकडा मोडत होती. तिने घास चावला.

"मीठ जास्त पडलंय," ती म्हणाली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती तशीच जेवत राहिली.

संध्याकाळी चालता चालता तिने मला सांगितलं. शेवटचं एक हरणाचं पाडस होतं. ते उठून गेलं. मागे काही उरलं नव्हतं. बापाने हात पुसले, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "तू पेत्रा नाहीस. पेत्राच्या हनुवटीवर तीळ होता." तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, घेवडा फारच उशिरापर्यंत शिजतोय असं मला मधूनमधून वाटायचं.

"मग बाहेर आले ते?" मी विचारलं.

"नाही. बाहेर त्यांचं काय होतं? झाडीच्या पलीकडे गेले. आईचा आवाज येत होता तिकडून, त्या दिशेने."

त्या नोव्हेंबरात तोमा आली तेव्हा बापाची ताटली आधीच मांडलेली होती, काळ्या घेवड्याची. मी फुलं घेऊन गेले होते, म्हणून समोर होते. तोमा ताटलीकडे पाहत उभी राहिली. मग खाली बसली.

"संपलं?" तिने विचारलं.

"संपलं."

"मला सगळं आठवतं, ताई. कधीच विसरले नव्हते." तोमा तेव्हा बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, पण आवाज लहान मुलीचा झाला होता. "त्यांनी मला ओळखलं नाही. कुणाची पोर म्हणाले. मलेरिया असलेलाच बरा होता."

दुलिया तिच्याजवळ बसली. "पाच वर्षांची सोडून गेले होते तुला. शेवटी विचारलं त्यांनी. ती नकला करणारी कोण होती म्हणून. मी म्हटलं, तुमची धाकटी."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, तिने ते पुढचं नीट करून दाखवलंच नाही, सासूच्या पायाचं. तुम्ही निघून गेलात."

तोमा हसायला लागली आणि मग बराच वेळ दोघी एकमेकींना धरून होत्या. मी फुलं ठेवून निघून आले.

दुलिया त्यानंतर एकवीस वर्षं जगली. दुपारच्या सुट्टीचं काय करायचं हे तिला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. जेवण पाच मिनिटांत उरकायची आणि आमच्या डब्यांतल्या चुका काढत बसायची. फुप्फुसाच्या दुखण्याने गेली. तोमाने आठ दिवस तिच्या उशाशी बसून गावातल्या एकेकाची नक्कल केली. दुलिया हसायची नाही, पण "असं नाही, छाती आधी" असं पुटपुटायची.

जायच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तेन्चा, हे तुला आधीच सांगायला हवं होतं. दुसऱ्या ओळीत एक माणूस बसतो. उजव्या भुवईवर व्रण आहे, बोटात तांब्याची अंगठी. मी एकदा नाव विचारलं."

तिने ते नाव सांगितलं. ते माझ्या आईच्या वडिलांचं नाव होतं. आमच्या घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक, की ते कुण्या बाईबरोबर ताम्पिकोला पळून गेले. माझी आजी मरेपर्यंत त्यांना शिव्या देत होती.

"खूप उरलंय का?" मी विचारलं.

"झाडीपर्यंत," ती म्हणाली.

याला आता एक वर्ष होऊन गेलं. मी कारखान्यातून निवृत्त झालेय, दुपार सगळी मोकळी असते. गेल्या महिन्यात सावरीपर्यंत जाऊन आले, सकाळी नऊला, झगा सुलटा घालून. मुळ्यांमध्ये बोटभर फट आहे. मी तिथे कुणाला हाक मारली नाही.